१७ वर्षांच्या नोकरीनंतर व्यवसायशिक्षणाच्या वर्गात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४२, एका उत्पादक कंपनीच्या विक्री विभागात १७ वर्षांची नोकरी, पदविकेनंतर सुटलेले शिक्षण आणि आता सायंकाळच्या वर्गांतून व्यवसाय प्रशासनाच्या पदवीसाठी मिळालेला प्रवेश. पहिल्या सत्रात लेखाशास्त्र, संख्याशास्त्र आणि विपणन हे तिन्ही विषय एकदम घ्यावेत का, विसरलेल्या गणिताचे काय करावे, निम्म्या वयाच्या विद्यार्थ्यांमध्ये निभाव लागेल का, आणि या वयात वाचलेले लक्षात राहील का, अशा चार शंका तुम्ही मांडल्या आहेत. नोकरी करणाऱ्या प्रौढांना मी २० वर्षांहून अधिक काळ लेखाशास्त्र आणि वित्त व्यवस्थापन शिकवत आलो आहे. त्याआधी ३५व्या वर्षी मी स्वतःही असाच वर्गात परत जाऊन बसलो होतो. त्यामुळे फळ्याच्या दोन्ही बाजूंनी जे दिसले ते सांगतो.

लक्षात राहण्याची शंका आधी बाजूला करू, कारण ती वाटते तेवढी गंभीर नाही. वयाबरोबर नवी माहिती झटपट हाताळण्याचा वेग काहीसा मंदावतो हे खरे आहे. पण शब्दसंपत्ती, साठलेले ज्ञान आणि त्या ज्ञानाच्या आधारे अर्थ लावण्याची क्षमता उतारवयापर्यंत टिकते, बऱ्याचदा वाढतेही. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीच्या या दोन अंगांतला भेद विसाव्या शतकातच मांडला होता. व्यवसायशिक्षणाचा मोठा भाग दुसऱ्या अंगावर उभा असतो. माझ्या वर्गात जे प्रौढ विद्यार्थी मागे पडले, त्यांच्यापैकी स्मरणशक्तीमुळे मागे पडलेला एकही मला आठवत नाही. ते मागे पडले ते वेळेचा हिशेब चुकल्यामुळे, पहिल्या काही आठवड्यांत गणित साचल्यामुळे, आणि स्वतःच्या अनुभवालाच उत्तर समजल्यामुळे. यातले तिसरे कारण सर्वांत कमी बोलले जाते आणि सर्वांत जास्त नुकसान करते, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो.

विक्रीच्या कामात १७ वर्षे काढलेल्या माणसाला विचारले की मागणी मंदावली तर काय करावे, तर तो क्षणात सांगतो की दहा टक्के सवलत द्यावी, माल हलतो. हे उत्तर चूक नाही, माल हलतोच. पण परीक्षक विचारतो ते वेगळे असते. समजा वस्तूची किंमत १०० आहे आणि तिच्यामागचा बदलता खर्च, म्हणजे प्रत्येक नगाबरोबर वाढणारा खर्च, ७० आहे. म्हणजे प्रत्येक नगामागे स्थिर खर्चाकडे (विक्री कितीही झाली तरी तेवढाच राहणाऱ्या खर्चाकडे) आणि नफ्याकडे ३० जातात. किंमत ९० केली की हे ३० चे २० होतात. आधी १,००० नगांवर जे ३०,००० मिळत होते, तेवढेच मिळवायला आता १,५०० नग विकावे लागतील. दहा टक्क्यांच्या सवलतीला पन्नास टक्के अधिक विक्रीची साथ मिळाली तर आपण केवळ पूर्वीच्या जागी राहतो. हे गणित पाचवीच्या पातळीचे आहे, तरीही वर्षानुवर्षे सवलती मंजूर करणाऱ्या कित्येकांनी ते कधी मांडून पाहिलेले नसते, कारण कामाच्या जागी सवलत विक्री विभाग देतो आणि तिचा परिणाम लेखा विभागाच्या कागदांवर दिसतो.

अनुभव वर्गात आणायचा तो असा, प्रश्नाच्या रूपात. ‘आमच्याकडे सवलत दिली की विक्री वाढते’ असे लिहिण्याऐवजी ‘विक्री किती वाढली तर ही सवलत परवडते, आणि तेवढी वाढ होण्याची शक्यता कशावरून ठरवायची’ असे विचारले की तोच अनुभव तुमच्या बाजूने काम करू लागतो. विशीतल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न सुचणे अवघड असते, कारण सवलतीसाठी अडून बसलेला ग्राहक त्याने पाहिलेला नसतो. मी स्वतः हा धडा महागात शिकलो. परतल्यानंतरच्या माझ्या पहिल्या असाइनमेंटमध्ये मी पुरवठादारांशी वाटाघाटी या विषयावर आठ पाने मनापासून लिहिली होती, आणि ती जेमतेम उत्तीर्ण होण्याइतक्या गुणांसह परत आली. समासात एकच शेरा होता : ‘हे कशावरून?’ त्या शेऱ्याचा मला आठवडाभर राग होता. पुढे मी स्वतः उत्तरपत्रिका तपासू लागलो तेव्हा तोच शेरा किती वेळा लिहिला याची गणती नाही.

केस स्टडीच्या, म्हणजे एखाद्या व्यवसायापुढचा प्रसंग वाचून निर्णय सुचवण्याच्या तासाला ही अडचण सर्वांत ठळकपणे दिसते. ही पद्धत व्यवस्थापनाच्या शिक्षणात कायद्याच्या शिक्षणातून आली. हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात ती १८७० च्या दशकापासून रुळलेली होती, आणि १९०८ साली सुरू झालेल्या तिथल्या व्यवसाय विद्यालयात १९१९ नंतर अधिष्ठाता वॉलेस डोनम यांनी ती जोमाने रुजवली. तेही मूळचे कायद्याचे पदवीधर होते. हे मूळ ध्यानात ठेवले की केसकडून काय अपेक्षित आहे ते उलगडते. न्यायालयात वकील नोंदीवर असलेल्या पुराव्याबाहेर जात नाही, तसे केसच्या उत्तरात पुरावा केसच्या मजकुरातून आणि शेवटच्या तक्त्यांतून घ्यावा लागतो. तुमच्या कंपनीत अशाच प्रसंगी काय झाले ही माहिती तिथे तुलनेपुरती, एखाद्या वाक्यात चालते. निष्कर्षाचा आधार म्हणून चालत नाही. माझी सूचना अशी की केस दोनदा वाचावी. पहिल्या वाचनानंतर तुमच्या मनात जो निर्णय उमटतो तो कागदावर लिहून ठेवावा, आणि दुसरे वाचन त्या निर्णयाच्या विरुद्ध जाणारे आकडे व विधाने शोधण्यासाठी करावे. अनुभवी माणसाचा पहिला निर्णय बहुतेक वेळा बरा असतो, पण त्याची कारणे त्याला स्वतःलाच सांगता येत नाहीत, आणि गुण असतात ते कारणांना.

आता गणित. तुम्ही ‘गणित विसरलो’ असे लिहिले आहे, पण पहिल्या वर्षाला लागणारे गणित फार थोडे आहे : अपूर्णांक, टक्केवारी, गुणोत्तर, एक अज्ञात असलेले समीकरण, घातांक आणि आलेख वाचता येणे. सूत्रे कशी निघाली ते मांडणे आणि सिद्धता यांच्याशी तुमची गाठ क्वचितच पडेल. गंमत अशी की प्रौढ विद्यार्थी न येणाऱ्या गणितापेक्षा येते असे वाटणाऱ्या गणितात अधिक अडखळतात. ८० ला घेतलेली वस्तू १०० ला विकली तर नफा किती टक्के, असे विचारल्यावर विक्रीतला माणूस पंचवीस म्हणतो आणि लेखापाल वीस. दोघेही बरोबर असतात. एक खरेदीवर मोजतो, दुसरा विक्रीवर. परीक्षेत ‘विक्रीवर वीस टक्के नफा’ असे दिलेले असताना खरेदीवर वीस टक्के धरून सुरुवात केली की पुढचे सगळे आकडे चुकतात. तसेच व्याजदर ८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेला तर ती दोन टक्के बिंदूंची वाढ असते, पण पंचवीस टक्के वाढ असते. एखादी रक्कम वीस टक्क्यांनी वाढवून मग वीस टक्क्यांनी घटवली तर १०० चे ९६ होतात, हे सांगितल्यावर समजते पण घाईत हमखास सुटते. वर्ग सुरू होण्याआधीचे सहा आठवडे रोज अर्धा तास केवळ टक्केवारी, चक्रवाढ व्याज आणि सोपी समीकरणे यांना द्यावेत, तेही कॅल्क्युलेटर न घेता. अंदाजाची सवय परत आली पाहिजे. वार्षिक वाढीच्या दराने ७२ ला भागले की रक्कम दुप्पट होण्याची वर्षे अंदाजे मिळतात, ८ टक्क्यांना ९ वर्षे. असे दोन-चार ठोकताळे हाताशी असले की स्प्रेडशीटमध्ये दशांशचिन्ह सरकल्याची चूक डोळ्यांना आपोआप खटकते.

लेखाशास्त्रात प्रौढांचे गाडे अगदी पहिल्या पंधरवड्यात अडते, आणि ते का अडते हे नव्या शिक्षकांच्या लवकर लक्षात येत नाही. पगार झाला की बँक तुम्हांला खात्यात रक्कम जमा झाल्याचा संदेश पाठवते. त्यामुळे जमा म्हणजे आले आणि नावे म्हणजे गेले, अशी खूणगाठ इतक्या वर्षांत मनात पक्की बसलेली असते. आणि मग वर्गात सांगितले जाते की तुम्ही बँकेत पैसे भरलेत तर तुमच्या वहीत बँक खाते नावे होते. अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याची पाटी कोरी असते, तो ते निमूटपणे लिहून घेतो. तुमचे डोके मात्र बंड करते. उलगडा असा की बँकेचा संदेश बँकेच्या वहीतला असतो. तुम्ही ठेवलेले पैसे ही बँकेची तुमच्याप्रति असलेली देणी आहे, आणि देणी वाढली की ती जमेच्या बाजूला लिहितात. तेच पैसे तुमच्या वहीत मालमत्ता आहेत, आणि मालमत्ता वाढली की ती नावे बाजूला जाते. व्यवहार एकच, वह्या दोन. नावे आणि जमा हे शब्द चांगले-वाईट किंवा आले-गेले असे काही सांगत नाहीत, ते फक्त खात्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूची नावे आहेत, एवढे मनावर बिंबवले की अर्धी लढाई संपते.

उरलेली अर्धी लढाई हाताने नोंदी करूनच जिंकावी लागते. लुका पाचोली यांनी १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंद पद्धतीचे, म्हणजे प्रत्येक व्यवहार एका खात्यात नावे आणि दुसऱ्यात जमा लिहिण्याच्या पद्धतीचे वर्णन केले तेव्हा तिथले व्यापारी ती पद्धत आधीपासून वापरत होते. नियम व्यवहारातून आले, व्यवहार नियमांतून आला नाही. म्हणून नियम पाठ करण्यात वेळ घालवू नका. एका काल्पनिक लहानशा व्यवसायाचे तीस व्यवहार घ्या आणि रोजकीर्द (व्यवहारांची रोजची वही), खतावणी (खात्यांची वही), तेरीज (सर्व खात्यांच्या नावे आणि जमा शिलकांची जुळणी), नफा-तोटा पत्रक व ताळेबंद असा पूर्ण प्रवास कागदावर करा. पहिल्या वेळी तीन तास लागतील, पाचव्या वेळी चाळीस मिनिटे. तेरीज जुळली नाही तर फरकाकडे नीट पाहा. फरकाला नऊने नि:शेष भाग जात असेल तर बहुधा अंकांची अदलाबदल झालेली असते; ५४० चे ४५० लिहिले की फरक ९० येतो. फरकाच्या निम्मी रक्कम एखाद्या नोंदीत सापडली तर ती चुकीच्या बाजूला गेलेली असू शकते. पूर्वीचे लेखनिक या खुणांवरच रात्रीचे काम उरकत, आणि परीक्षेच्या दालनातही त्या तितक्याच उपयोगी पडतात.

विक्रीतून आलेल्यांना आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. माल गेला, बीजक काढले, की तुमच्या दृष्टीने काम फत्ते झालेले असते. एक व्यवसाय दरमहा १०० ची विक्री ९० दिवसांच्या उधारीवर करतो, आणि त्यासाठीचा ८० चा खर्च त्याला लगेच चुकवावा लागतो असे धरा. पहिल्या तीन महिन्यांच्या अखेरीस नफा-तोटा पत्रक ६० चा नफा दाखवते आणि तिजोरीतून २४० गेलेले असतात. विक्री जितक्या वेगाने वाढेल तितका हा खड्डा खोल होतो. खेळते भांडवल, म्हणजे रोजचा व्यवहार चालू ठेवायला लागणारा पैसा, हा विषय पुस्तकात रूक्ष वाटतो, पण वसुलीसाठी वित्त विभाग तुमच्यामागे का लागत होता हे त्या प्रकरणात कळते. माझे काही विद्यार्थी हे गणित झाल्यावर दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन लेखापालाशी प्रथमच सविस्तर बोलले. अशा बोलण्यातून जे कळते ते कोणत्याही शिकवणीत मिळत नाही. मात्र कंपनीचे आकडे असाइनमेंटमध्ये वापरायचे असतील तर लेखी परवानगी घ्यावी आणि नावे व रकमा बदलाव्यात. या बाबतीत सद्हेतूने केलेली चूकही नोकरीवर बेतू शकते.

संख्याशास्त्राबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याची भीती नावापुरतीच असते. पहिल्या सत्रात सूत्रांपेक्षा एकच विवेक लागतो : समोरचा आकडा कशाचा प्रतिनिधी आहे? दहा जणांच्या गटात नऊ जणांचे उत्पन्न २० आणि एकाचे २२० असेल तर सरासरी ४० येते आणि मध्यक, म्हणजे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, २०. ‘आमच्याकडे सरासरी उत्पन्न ४० आहे’ हे विधान खरे असूनही त्या गटातल्या एकालाही लागू पडत नाही. विक्रीच्या अहवालांत वर्षानुवर्षे सरासऱ्या पाहिलेल्या माणसाला हे उदाहरण एकदा कळले की पुढचे प्रमाणित विचलन आणि वितरण फारसे परके वाटत नाही.

आता वेळ. इथे मी थोडा कठोर होतो. प्रवेशपुस्तिकेत ‘आठवड्यातून तीन संध्याकाळी वर्ग’ असे लिहिलेले असते आणि विद्यार्थी तेवढाच हिशेब करतो. श्रेयांकांमागचे, म्हणजे विषयाचा भार मोजणाऱ्या एककांमागचे, तास कोणी मोजत नाही. अमेरिकी महाविद्यालयांत साधारण पंधरा आठवड्यांच्या सत्रात एका श्रेयांकामागे आठवड्याला वर्गातला एक तास आणि वर्गाबाहेरचे किमान दोन तास धरले जातात. युरोपातल्या पद्धतीत पूर्णवेळ अभ्यासाचे वर्ष ६० श्रेयांकांचे आणि एक श्रेयांक २५ ते ३० तासांच्या एकूण कामाचा असतो. अमेरिकी हिशेबाने तीन श्रेयांकांचा एक विषय आठवड्याला नऊ तास मागतो, तीन विषय सत्तावीस तास. ४५ तासांच्या नोकरीवर हे चढवले की आठवडा ७२ तासांचा होतो, आणि त्यात प्रवास, घर आणि झोप मोजलेली नाही. एक-दोन आठवडे माणूस हे उत्साहात ओढून नेतो. सातव्या आठवड्यात, सगळ्या असाइनमेंटच्या तारखा एकत्र येतात तेव्हा, तो कोसळतो.

तेव्हा वेळ ‘काढू’ असे म्हणून चालत नाही. सध्या चालू असलेले काहीतरी सोडावे लागते, आणि काय सोडले याचे नाव सांगता आले पाहिजे. अर्थशास्त्रात ज्याला संधी खर्च म्हणतात तो पुस्तकात येण्याआधीच तुम्ही असा घरी मोजलेला असेल. घरच्यांशी बोलताना ‘मला सांभाळून घ्या’ अशी मोघम विनंती करण्यापेक्षा, कोणत्या दोन संध्याकाळी आणि सुटीच्या दिवसाचे कोणते चार तास तुम्ही उपलब्ध नसाल, आणि त्या बदल्यात कोणता वेळ पूर्णपणे घरच्यांचा असेल, हे ठरवून सांगावे. मोघम विनंतीला होकार सहज मिळतो आणि तितक्याच सहज ती विसरलीही जाते. सत्राचे वेळापत्रक हातात आले की त्याच दिवशी नोकरीतले कामाचे कडक आठवडे त्यावर खुणावून घ्यावेत. विक्री विभागात तिमाहीचा शेवट आणि महाविद्यालयात असाइनमेंटचा शेवट यांची टक्कर ठरलेली असते. ती दोन महिने आधी दिसली तर शिक्षक मुदतीबद्दल ऐकून घेतात, दोन दिवस आधी सांगितली तर सबब वाटते. वरिष्ठांनाही लवकर सांगावे. कंपनी शुल्काचा भार उचलणार असेल तर किती वर्षे नोकरी न सोडण्याची अट आहे आणि विषय राहिला तर शुल्काचे काय, हे सही करण्याआधी वाचून घ्यावे.

अभ्यासाच्या पद्धतीबाबत एकच बदल करायचा असेल तर तो हा : वाचलेले पुन्हा वाचणे थांबवा आणि पुस्तक मिटून लिहून पाहा. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले की पाठ केलेल्यातला मोठा भाग सुरुवातीच्या काही तासांतच निसटतो आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. २००६ साली हेन्री रॉडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत ज्यांनी आठवून लिहिण्याचा सराव केला होता ते पुढे गेले. पुन्हा वाचताना आपल्याला येते असे वाटते, तो ओळखीचा भास असतो. नोकरीवाल्या माणसाला ही पद्धत अधिक सोयीची आहे, कारण तिला सलग तीन तास लागत नाहीत. वर्गाच्या दुसऱ्या दिवशी वीस मिनिटे, आठवड्याने पंधरा आणि महिन्याने पुन्हा पंधरा, एवढे पुरते. प्रश्नांची उत्तरे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून लिहून घेण्याचा मोह आता सर्वांनाच होतो. माझे मत असे की यंत्राला प्रश्न विचारायला लावावे आणि उत्तर आपण द्यावे. उलटे केले तर असाइनमेंट पूर्ण होते आणि परीक्षेत पान कोरे राहते.

परीक्षेवरून आठवले. तीन तास हाताने लिहिण्याची सवय तुमची केव्हाच सुटलेली असणार. हे हास्यास्पद वाटेल, पण दर परीक्षेला काही प्रौढ विद्यार्थी ज्ञान असूनही शेवटचा प्रश्न सोडून येतात, कारण दुसऱ्या तासाला मनगट साथ देत नाही. शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, पेनाने, पूर्ण लिहावी. गणिती प्रश्नांत पायऱ्या दाखवाव्यात, कारण बरेच परीक्षक पायऱ्यांना गुण देतात. ताळेबंद जुळला नाही तर ठरावीक मिनिटांनंतर तो तसाच सोडून पुढे जावे. कामाच्या जागी फरक सापडेपर्यंत उठायचे नाही हा गुण असतो, परीक्षेत तो दोष ठरतो.

तरुण विद्यार्थ्यांबद्दलची तुमची धास्ती मला समजते, पण त्यांना तुमच्या वयाचे फारसे काही वाटत नाही. त्यांना वाटते ते तुम्ही गटकार्यात काय करता याचे. तिथे प्रौढांच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. काही जण पहिल्याच बैठकीत व्यवस्थापक होऊन कामे वाटू लागतात, आणि काही जण ‘तुम्ही मुलेच करा, मला जमणार नाही’ म्हणून मागे बसतात. दोन्हींमुळे गट दुरावतो. मी सुचवेन की गटात असे एक काम मागून घ्यावे ज्याची तारीख आणि स्वरूप स्पष्ट आहे, ते वेळेआधी द्यावे, आणि स्प्रेडशीटची सूत्रे शेजारच्या विद्यार्थ्याकडून निःसंकोच शिकावीत. बदल्यात तुमच्याकडे देण्यासारखे पुष्कळ असते. ग्राहकाला भेटायला कसे जावे, मुलाखतीत प्रश्न कसा विचारावा, सादरीकरणात विरोधी प्रश्न आला तर काय करावे, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. शंका मात्र वर्गातच विचाराव्यात. तुमच्या वयाचा माणूस ‘घसारा (यंत्रे-इमारतींच्या झिजेची दरवर्षी धरलेली रक्कम) हा खर्च असूनही त्यात रोकड का जात नाही’ असे उघडपणे विचारतो तेव्हा मागच्या तीन बाकांवरचे विद्यार्थी मनातून आभार मानतात.

तुमच्या पदविकेतल्या काही विषयांबद्दल सूट मिळू शकते, म्हणून जुनी गुणपत्रके आणि अभ्यासक्रम घेऊन विभागाला भेटावे. पण लेखाशास्त्राच्या प्राथमिक विषयाला सूट मिळत असली तरी ती सूट घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. वीस वर्षांपूर्वीच्या उत्तीर्णतेवर थेट पुढच्या लेखाशास्त्रात जाऊन बसलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यांनी वाचवलेले सत्र पुढे दामदुपटीने परत द्यावे लागले.

राहिला तीन विषयांचा प्रश्न. पहिल्या सत्रात दोनच घ्या, लेखाशास्त्र आणि विपणन. लेखाशास्त्र अशासाठी की परिव्यय (उत्पादन खर्चाचा हिशेब), वित्त आणि अंदाजपत्रक हे पुढचे सगळे विषय त्यावर उभे असतात, आणि ते लांबवले तर सगळेच लांबते. विपणन अशासाठी की तो तुमचा प्रांत आहे, आणि अनुभवाचे प्रश्नांत रूपांतर करण्याचा सराव आपल्या प्रांतात सर्वांत चांगला होतो. तो सोपा जाईल या समजुतीने मात्र घेऊ नका. दोन्ही आकड्यांचे विषय एकाच सत्रात नकोत, म्हणून संख्याशास्त्र दुसऱ्या सत्रात ठेवा; तोवर टक्केवारी आणि स्प्रेडशीट अंगवळणी पडलेली असेल. तिन्ही घ्यावेच लागत असतील तर विषय सोडण्याची शेवटची तारीख आणि शुल्क परताव्याचा नियम आधी पाहून ठेवा, आणि त्या तारखेच्या आठवडाभर आधी, तेरीज एकट्याने जुळवता येते का याची एकदा घड्याळ लावून परीक्षा घ्या. येत नसेल तर त्या दिवशी संख्याशास्त्र सोडा. तोवर त्यावर खर्च झालेले तास बुडीत खर्चात, म्हणजे काहीही ठरवले तरी परत न मिळणाऱ्या खर्चात धरायचे असतात, निर्णयात नाही. संख्याशास्त्र पुढे ढकलल्याने दुसऱ्या सत्रातला एखादा विषय अडतो का, हे मात्र नोंदणीच्या आधी विभागाकडून लेखी विचारून घ्या. काही अभ्यासक्रमांत परिमाणात्मक (आकड्यांवर आधारलेल्या) पद्धतींच्या विषयाला संख्याशास्त्र ही पूर्वअट असते.